ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी कातलेले लाकूड

खान्देशात प्रदर्शनांचा हंगाम कापसाच्या मागोमाग येतो. दिवाळीच्या सुमारास वेचणीचा कापूस घरात येऊ लागतो, मार्गशीर्ष-पौषात त्याचा पैसा हातात पडतो, लग्नसराईची खरेदी निघते आणि मग जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, शहादा अशा गावांत कुठे सभागृहात, तर कुठे शाळेच्या मैदानावरच्या मांडवात चित्रे, मातीची भांडी, विणकाम, दागिने आणि लाकडी वस्तू यांची दालने उभी राहतात. कापसाला भाव बरा मिळालेल्या वर्षी माझ्या टेबलावरचे मोठे वाडगे लवकर जातात. भाव पडलेल्या वर्षी तीच माणसे येतात, तेच वाडगे हातात घेतात, लाकडाचे मनापासून कौतुक करतात आणि एखादे लाटणे घेऊन घरी जातात. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात हिशेब थोडा निराळा असतो, कारण तिथला पैसा एकाच हंगामाला बांधलेला नसतो. परंतु बाकी खान्देशाचा हात सैल राहणार की आखडता, हे बहुतांशी कापूसच ठरवतो. लाकूड कातणाऱ्याने, म्हणजे फिरत्या लाकडाला पटाशीने गोल आकार देणाऱ्याने, आपला माल तयार करताना हे ध्यानात ठेवावे लागते, आणि मी ते ठेवतो.

मी भुसावळचा. उमेदीची वर्षे रेल्वेच्या कारखान्यात टर्नर म्हणून लोखंड कातण्यात गेली आणि नोकरीच्या अखेरच्या काळात मी लाकडाकडे वळलो. दोन्ही कामांत लेथ, म्हणजे तुकडा गरगर फिरवणारे यंत्रच असते, पण हातांना दोन वेगळ्या विद्या शिकाव्या लागतात. लोखंडाच्या लेथवर हत्यार टूल पोस्ट नावाच्या पकडीत घट्ट आवळलेले असते, चाके फिरवून ते शतांश मिलिमीटरने पुढे सरकवता येते आणि मोजमापाचा शेवटचा शब्द मायक्रोमीटरचा असतो. लाकडाच्या लेथवर पटाशी हातात असते. ती टेकूवर ठेवून, धारेमागचा उतार फिरत्या लाकडाला हलकेच घासत ठेवून, कोपर अंगाशी धरून सगळे शरीर वळवावे लागते, आणि धार लाकडाच्या तंतूंच्या रेषांच्या उलट दिशेने गेली की लाकूड लगेच ओरबाडले जाते. लोखंडाचा तुकडा आज जसा कातला तसाच पुढल्या वर्षी सापडतो; लाकडाचा सापडत नाही. या एका गोष्टीतून माझ्या विक्रीचे बहुतेक सगळे प्रश्न निघतात.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनांत किंमत अधिक मिळते, हे मला ठाऊक आहे, आणि ज्यांना तिथवर माल नेणे परवडते त्यांनी तो जरूर न्यावा. तरीही माझे मत असे झाले आहे की कातकाम करणाऱ्याने आपल्या मालाचा मोठा वाटा आपल्याच जिल्ह्यात, आपल्या तोंडओळखीच्या लोकांना विकावा. दूरच्या शहरात विकलेली वस्तू गेली की गेली. तिला पुढे तडा गेला, झाकण अडकले किंवा तेल उडून ती पांढरी पडली, तर ते करणाऱ्याला कधी कळतच नाही. इथे विकलेली वस्तू मात्र पुन्हा भेटते. घेणाऱ्या ताई भाजीबाजारात भेटतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतात, आणि वाडगा कसा आहे हे विचारायच्या आधीच सांगतात. अशा विक्रीने माणसाच्या कामाला धाक राहतो, आणि काम सुधारण्यासाठी त्या धाकासारखे दुसरे काही मला तरी सापडलेले नाही.

इथल्या गिऱ्हाइकाला लाकूड कळते, हे दुसरे कारण. ज्यांच्या घरात बैलगाडी होती, वखर-पांभर होती, त्या पिढीतली माणसे अजून प्रदर्शनांना येतात. धुळ्याला एक वयस्कर शेतकरी माझ्या टेबलापाशी थांबले, वाडगा तळहातावर तोलला, नाकाशी नेला, कडेला अंगठ्याचे नख टेकवून पाहिले आणि मगच विचारले, “जिभाऊ, हाई कसानं लाकूड शे?” उत्तर त्यांना आधीच माहीत होते, मला ते माहीत आहे की नाही, हे त्यांना पाहायचे होते. मी बाभूळ म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि गाडीच्या चाकासाठी बाभळीचे लाकूड कसे मुरवायचे, हे शेजारी बसून सांगितले. अशा माणसापुढे साध्या लाकडाला रंग देऊन शिसव म्हणून खपवण्याची हिंमत कोणी करणार नाही. म्हणून माझ्या प्रत्येक वस्तूच्या तळाला लाकडाचे नाव आणि ते झाड कोणत्या शिवारातले होते ते गाव, एवढे मी कोरून ठेवतो. किमतीच्या आधी लोक ते वाचतात.

लाकूड मी जंगलातून घेत नाही. सातपुड्यात कातकामाला उत्तम अशी झाडे आहेत: काळ्या कुड्याचे लाकूड पांढरे आणि बारीक पोताचे असते आणि लाखेचा रंग त्यावर फार सुरेख चढतो, तिवसाचे लाकूड चिवट, आणि अंजनाचे तर इतके जड की पाण्यात बुडते. त्यांचा मोह होतो, पण सातपुडा आधीच पुष्कळ विरळ झाला आहे आणि वाडग्यासाठी त्याला हात लावावा असे मला वाटत नाही. माझे लाकूड येते ते बांधावरच्या वठलेल्या बाभळीतून, वादळात पडलेल्या कडुनिंबातून, रस्ता रुंद होताना कापलेल्या झाडांच्या लिलावातून आणि पाडलेल्या जुन्या घरांच्या सागवानी चौकटींतून. यातही नियम पाळावे लागतात. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, चिंच, आंबा, तिवस, अंजन अशी काही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि शहरांच्या हद्दीतील झाडांना १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे. शेतकऱ्याकडे परवानगीचा कागद असेल तरच मी ओंडका उचलतो, आणि त्या कागदाची प्रत जपून ठेवतो. कोणी विचारले तर ती दाखवता येते, आणि विचारणारे भेटतात.

जुन्या सागवानाविषयी एक सूचना इथेच करून ठेवतो. त्यात मोडलेले खिळे लपलेले असतात, म्हणून लेथवर चढवण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून आणि गाठी खरवडून पाहावे. शिवाय सागात वाळूसारखा सिलिकेचा अंश असतो आणि तो धार लवकर खातो. सागाच्या एका वाडग्याला जितक्या वेळा पटाशी घासावी लागते तितकी कडुनिंबाला लागत नाही. भुसावळसारख्या गावात राहत असल्यामुळे मला रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांविषयी हमखास विचारले जाते, कारण ते लाकूड भक्कम असते आणि अजून कुठे कुठे पडलेले दिसते. मी त्याला हात लावत नाही. टिकाऊपणासाठी असे स्लीपर क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवले जात, आणि ते तेल विषारी आहे. त्यातून केलेल्या वाडग्यात कोणाच्या घरची चिवडा-फरसाणाची बैठक व्हावी, हे मला चालणार नाही. नुसत्या शोभेच्या वस्तू कराव्यात, असेही काहींनी सुचवले. परंतु शोभेची वस्तू पुढे कोणाच्या हाती आणि कोणत्या वापरात जाईल याची खात्री कोण देणार?

आता लाकूड हलते म्हणजे काय, ते सांगतो, कारण विक्रीच्या टेबलावर सर्वांत अधिक बोलावे लागते ते याच विषयावर. ओले लाकूड वाळताना आक्रसते, पण सगळीकडे सारखे आक्रसत नाही. वर्षवलयांच्या रेषेत ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आक्रसते, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ओल्या लाकडाचा अचूक गोल कातलेला वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो. यावर उपाय एकच: आधी जाड कातायचा, वाळू द्यायचा आणि मग पुन्हा लेथवर चढवून शेवटचा आकार द्यायचा. दहा इंच व्यासाचा वाडगा असेल तर पहिल्या फेरीत कड साधारण इंचभर जाडीची ठेवायची, जिथे रेषांची टोके उघडी पडतात तिथे मेण फासायचे, आणि तो गोणपाटात गुंडाळून वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात महिनोन् महिने ठेवून द्यायचा. जळगाव-भुसावळचा वैशाख ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्या कोरड्या वाऱ्यात उघडे ठेवलेले ओले लाकूड पाहता पाहता चिरते. म्हणून मी ओली कात पावसाळ्यात करतो आणि वाळवण हळूहळू हिवाळ्यात उतरेल असे पाहतो.

एवढे करूनही लाकूड ऋतूंप्रमाणे श्वास घेतच राहते, आणि त्याचा निकाल कुंकवाच्या करंड्यावर लागतो. कातीव करंड्याचे झाकण हा या कलेचा कसोटीचा भाग आहे. ते इतके बसते असावे की करंडा झाकणाला धरून उचलला तर सुटू नये, आणि इतके सैल की सकाळच्या घाईत एका हाताने उघडावे. कारखान्यातल्या सवयीने मला अशी फिट साधणे अवघड जात नाही. पण ही फिट कोणत्या महिन्यातली, हा प्रश्न लोखंडात नव्हता. पौषात बेताचे बसवलेले झाकण श्रावणात फुगून घट्ट होते आणि वैशाखात खडखडते. म्हणून मी झाकणाची आतली कड थोडी लांब आणि किंचित निमुळती ठेवतो, शक्यतो जुने, पूर्ण मुरलेले सागवान वापरतो, कारण साग इतरांपेक्षा कमी हलतो, आणि करंडा देताना त्या ताईंना सांगतो की पावसाळ्यात अडकला तर जोर लावू नका, माझ्याकडे आणा. काही जणी आणतात. कड काचकागदाने हलकेच घासून, मेण लावून, त्याच बैठकीत परत देतो आणि त्याचे पैसे घेत नाही. परत आलेला करंडा पाहताना पुष्कळ कळते: कुंकू कुठे साठते, नख कुठे लागते, तळाला ओल कुठून चढते. माझ्या आताच्या करंड्याचा तळ आतून वाटीसारखा उतरता आहे, तो अशा परत आलेल्या करंड्यांनीच मला शिकवला.

किमतीविषयी लोक संकोचाने बोलतात. मी मोकळेपणाने बोलणे पसंत करतो. माझे लाटणे २५० रुपयांना, करंडा ४५० रुपयांना आणि दहा इंची वाडगा १,८०० रुपयांना असतो. शेजारच्या दालनात रबरवुडचा, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचा, यंत्रावर एकसारखा निघालेला वाडगा याच्या चौथाई किमतीत मिळतो, आणि गिऱ्हाईक दोन्ही हातांत दोन्ही वाडगे धरून माझ्याकडे पाहते. सरपणाच्या भावाने मिळणाऱ्या बाभळीच्या वस्तूला एवढे पैसे का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रागावण्यासारखे काही नाही. ज्या गावात सुतार घनफुटावर लाकूड आणि रोजावर मजुरी सांगतो, तिथे लोक याच पद्धतीने विचार करणार.

तेव्हा मी हिशेब उलगडून सांगतो. ओंडक्याचा अगदी मधला गाभा वापरता येत नाही, कारण चीर तिथूनच सुटते. तो काढून उरलेल्या अर्ध्या फाकेतून वाडग्याचा ठोकळा निघतो, आणि त्या ठोकळ्याचाही मोठा भाग भुशाच्या रूपाने जमिनीवर पडतो. वाळताना काही वाडगे चिरतात आणि चुलीत जातात. त्यांची मजुरी टिकलेल्या वाडग्यांनीच भरून काढायची असते. पुढे दुसरी कात, काचकागदाच्या चढत्या नंबरांच्या घासण्या, जवसाच्या तेलाचे पातळ हात आणि प्रत्येक हातानंतर ते मुरेपर्यंतची वाट. जवसाचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते, त्याला घाई चालत नाही. यात विजेचे बिल, स्टॉलचे भाडे, टेम्पोचे भाडे मिळवले की माझ्या तासाचा जो दर उरतो, तो गावातल्या चांगल्या गवंड्यापेक्षा जास्त नसतो. हे ऐकल्यावर काही जण वाडगा घेतात, काही घेत नाहीत. पण न घेणारेही दर अवाजवी म्हणत नाहीत, आणि ही गोष्ट माझ्या लेखी मोलाची आहे.

घासाघीस मात्र मी करत नाही. भाव करणे हा आमच्याकडे बोलण्याचा एक मार्ग आहे, त्यात अनादर नसतो, हे मी जाणतो आणि म्हणूनच हसून नकार देतो. किंमत चिठ्ठीवर लिहिलेली असते आणि ती डॉक्टरीणबाईंना जी तीच शेतमजूर मावशींना. शेवटच्या संध्याकाळी माल परत न्यावा लागू नये म्हणून दर पाडण्याची पद्धत प्रदर्शनांत सर्रास आहे. मोठ्या शहरात ती खपून जात असेल. इथे पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देऊन गेलेल्या काकूंना ती आठवड्याच्या आत समजते, आणि त्यांच्या विश्वासाने घेतलेल्या वाडग्याची किंमत त्यांच्याच डोळ्यांत उतरते. उरलेला माल मी परत नेतो. लाकूड केळीसारखे नासत नाही. वर्षभर घरात राहिलेला वाडगा उलट अधिक मुरतो.

आता ज्या वस्तूने माझ्या टेबलाचे स्वरूप बदलले तिच्याविषयी. सुरुवातीला मी शोभेच्या वस्तूंवर भर देत असे: उंच फुलदाण्या, पातळ कडेचे वाडगे, मेणबत्त्यांचे स्टँड. जळगावच्या एका प्रदर्शनात आसोद्याकडच्या एक आजी बराच वेळ सगळे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, हात चांगला आहे तुझा. पण हे घेऊन मी ठेवू कुठे? माझ्या सासूचं भरीत ठेचायचं लाकडी भांडं चिरलं, तसं करून देशील का?” भरीत म्हणजे आमच्या भागाचा हिवाळाच. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आसोदा, बामणोद परिसरातली ती मोठी, फिकट हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, सोलतात आणि लाकडी भांड्यात हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचतात. मग त्यात शेंगदाणे आणि कांद्याची पात पडते, आणि शेतात पंगत बसते. मिक्सरमध्ये वांग्याचा लगदा होतो. लाकडात ठेचले की त्याचा धागा राहतो, आणि धातूच्या भांड्यासारखा आवाज व चटकाही नसतो.

आजींनी ते जुने भांडे मला आणून दाखवले. ते कातलेले नव्हते, किकऱ्याने आणि पटाशीने कोरलेले होते, आणि तळापासून कडेपर्यंत एकच चीर गेली होती. चीर नेमकी गाभ्यातून निघालेली होती. भांडे आख्ख्या ओंडक्याचे होते, म्हणून गाभा त्याच्या पोटातच राहिला होता. गाभा टाळून तेवढेच भांडे काढायचे, तर झाडाचा घेर दुपटीहून मोठा हवा. मी चिंच निवडली, कारण चिंचेचे लाकूड घट्ट असते, घाव सोसते, आणि खाटीक लोक मांस कापायचे ठोकळे पिढ्यान् पिढ्या चिंचेचेच वापरतात. रेषा उभ्या ठेवल्या, म्हणजे मुसळाचा घाव रेषांच्या टोकांवर पडतो आणि तळाच्या ढलप्या निघत नाहीत. उभ्या रेषांत खोल पोकळी कातणे हे कातकामातले कष्टाचे काम आहे: आधी मधोमध गिरमिटाने भोक पाडायचे, मग लांब हत्याराने आतून बाहेरच्या दिशेला थोडे थोडे घ्यायचे, आणि हत्यार टेकूपासून जितके आत जाईल तितके ते थरथरते. तळ मी चांगला जाड ठेवला, कड हाताला लागू नये इतकी वळवली, आणि आतून कोणतेही पॉलिश न करता फक्त खाण्याचे तेल मुरवले.

आजींनी ते भांडे नेले आणि त्या हिवाळ्यात त्यांच्या भावकीतून पुष्कळ मागण्या आल्या. त्यानंतर मी टेबलाची मांडणीच उलटी केली. पुढच्या ओळीत भरताचे भांडे आणि मुसळ, पोळपाट-लाटणी, ताकाच्या रव्या, करंडे, मुलींसाठी भातुकली. मागच्या ओळीत फुलदाण्या. कडुनिंबाच्या लाटण्याने पोळी कडू होईल का, असे विचारतात; घरात तेच लाटणे वापरून पाहिले आहे, पोळी कडू होत नाही, असे मी सांगू शकतो. लग्नसराईत रुखवतात मांडण्यासाठी लाखेच्या रंगातील भातुकली आणि पोळपाट-लाटण्याचे जोड मागितले जातात. उपयोगाची वस्तू म्हणजे कलेची खालची पायरी, असे मानणारे प्रदर्शनांत भेटतात. मला ते पटत नाही. रोज हाताळल्या जाणाऱ्या रवीच्या दांड्याचा तोल साधणे हे कोणत्याही फुलदाणीच्या मानेइतकेच कठीण आहे, आणि त्याची परीक्षा अधिक वेळा होते.

खान्देशाला हे नवे नाही. काठवटी, पोळपाट, गाडीचे सामान हे आठवडी बाजारांत आणि यात्रांत नेहमीच विकले गेले आहे. तापीकाठची सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांसाठी प्रसिद्ध असली तरी माणसे तिथून संसाराचे सामानही नेत आली आहेत. आणि ज्याला आज आपण हस्तकलेचे प्रदर्शन म्हणतो, त्याचा एक फार मोठा नमुना आमच्या जिल्ह्यात, यावल तालुक्यातल्या फैजपूरला, डिसेंबर १९३६ मध्ये उभा राहिला होता. काँग्रेसचे खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींच्या इच्छेनुसार नंदलाल बोस यांनी त्या नगराची सजावट बांबूसारख्या साध्या, आसपास मिळणाऱ्या सामानातून केली, आणि अधिवेशनाबरोबर खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले. भारतातल्या इतक्या मोठ्या चित्रकाराने आमच्या मातीत येऊन, इथलेच सामान वापरून इथल्या लोकांसाठी काम केले, ही गोष्ट मी दालन मांडताना नेहमी आठवतो. माझ्या टेबलावर चकचकीत कापड नसते; खाली घोंगडी, मांडणीला बांबूच्या पायऱ्या, आणि वर पिवळसर उजेडाचा दिवा, कारण पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली बाभळीचा तांबूस रंग मरतो. “हात लावू नये” अशी पाटी मी लावत नाही. लाकूड हातात घेतल्याशिवाय ते कोणाला कळणार?

मुलांसाठी मी दोरीचा लेथ करून घेतला आहे. दोन टोकांमध्ये लाकूड, त्याला वेढा दिलेली धनुष्याची दोरी, एका हाताने धनुष्य मागे-पुढे आणि दुसऱ्या हातात पटाशी. लाकूड दोन्ही दिशांना आळीपाळीने फिरते, म्हणून कात फक्त एका झटक्याला लागते. वीज नाही, आवाज नाही, धूळ थोडी. मोटारीचा लेथ मांडवात चालवणे मला स्वतःलाच मान्य नाही, कारण उडालेला तुकडा गर्दीत कोणाच्याही डोळ्याला लागू शकतो. या लेथवर मुलांसमोर भोवरा तयार होतो, फिरत्या भोवऱ्यावर लाखेची रंगीत कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, आणि केवड्याच्या पानाने ती घासली की चमक येते. सावंतवाडीची आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच लाखेच्या विद्येवर उभी आहेत, हे मी मुलांना सांगतो. भोवरा घेऊन गेलेला मुलगा संध्याकाळी आई-वडिलांना ओढत आणतो आणि मग घरातली मोठी माणसे लाटणी, करंडे हातात घेऊन पाहू लागतात.

आयोजकांकडे या हिवाळ्यासाठी माझी मागणी साधी आहे. स्टॉलचे भाडे त्यांनी सर्वांसारखे घ्यावे, सवलत नको. जागा मात्र पत्र्याच्या मांडवात नको, कारण माघातल्या दुपारीसुद्धा पत्र्याखाली इतके तापते की वर्षभर जपलेल्या वाडग्याला तिथे तडा जाऊ शकतो. तळणाच्या कढयांच्या ओळीशेजारीही नको, कारण तेलकट धूर तेल दिलेल्या लाकडावर बसतो आणि तो पुसला जात नाही. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली दहा बाय दहाची मोकळी जागा, दोरीच्या लेथसमोर मुलांना बसायला एक सतरंजी, आणि उद्घाटनाच्या भाषणांआधी सकाळचा एक तास जवळच्या शाळांसाठी राखून ठेवलेला. भरताची भांडी मी यंदा चिंचेबरोबर बाभळीचीही केली आहेत आणि कोणते अधिक टिकते हे पाहायचे आहे. नेणाऱ्यांनी संक्रांतीनंतर त्यांची हकिगत जरूर कळवावी.